वेताळखिंडीतली उलटी मोटार

वेताळखिंडीत त्या रविवारी एवढी माणसं जमली होती की खुद्द वेताळालाच उभं राहायला जागा उरली नव्हती. अख्खं चिंचखार गाव तिथे होतं. शेजारच्या वाड्यांमधली पोरंबाळं होती. रेवसहून निघालेल्या मासळीवाल्या बाया डोक्यावरच्या पाट्या न उतरवताच थबकल्या होत्या. सगळ्यांचे डोळे चढणीकडे लागले होते, कारण चढणीवरून एक मोटार पाठमोरी वर येत होती.

पाठमोरी म्हणजे अगदी पाठमोरी. पितळी दिवे खाली, मागची बाजू वर. मोटार चालवणारा दयाराम मान मोडेपर्यंत मागे वळून रस्ता बघत होता आणि त्याच्या शेजारी उलटे महाराज डोळे मिटून पुटपुटत होते. मोटार खोकली, कण्हली, पण चढली. माथ्यावर पोचताच हलगी कडाडली, गुलाल उडाला आणि चार नारळ एकदम फुटले.

"उलटे महाराज की जय!"

उलटे महाराज दोन महिन्यांपूर्वी खिंडीत येऊन बसले होते. कफनी उलटी, शिवण बाहेर. माळ पाठीवर. जपसुद्धा शेवटच्या मण्यापासून. "जग सुलट चाललंय म्हणून तर बिघडलंय! उलट जा, सुलट होईल!" हे त्यांचं पालुपद. डोकं दुखलं, विहिरीभोवती उलट्या पावलांनी पाच फेऱ्या. म्हैस दूध देत नाही, तिला शेपटीकडून गोठ्यात न्या. दयारामची बायको कमळ सातव्या महिन्यात होती, तिला त्यांनी सांगितलं होतं, रोज पाणवठ्यावरून उलटी चालत ये. कमळ म्हणाली होती, "हंडा घेऊन तुमीच या की महाराज, मी मागून बघतं." तेव्हापासून महाराजांनी तिच्यावर डूख धरला होता.

आता माथ्यावर उभे राहून महाराजांनी हात वर केला. हलगी थांबली.

"या मोटारीचा मेलेला मालक हिच्यात बसलाय! त्याला खिंडीतल्या देवाला तोंड दाखवायची चोरी. म्हणून मोटार सुलटी येत नव्हती, उलटी आली. पण आता तो जागा झालाय. घरात येणारा नवा जीव हाय, त्याच्यावर त्याची नजर हाय!" महाराजांनी कमळच्या पोटाकडे बोट केलं. "पुढच्या ऐतवारी मोटार माझ्या चरणी घाला. नायतर मी काय बोलत न्हाय."

ठमाबाई, कमळची सासू, तिथल्या तिथे खाली बसली. "घेवा महाराज, घेवा! पन माझं नातवंड ऱ्हावा दे!" तिने सगळ्यांदेखत शब्द दिला. दयारामने स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले, जणू मोटार देऊनच टाकली. कमळला राग आला तो याच गोष्टीचा.

कारण मोटार कशासाठी आणली होती हे तिला ठाऊक होतं. त्यांचं पहिलं मूल बैलगाडीत गेलं होतं. कळा सुरू झाल्यावर गाडी जुंपून खिंड ओलांडून अलिबागच्या दवाखान्यात पोचायला अख्खा दिवस गेला, आणि पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली. महिन्याभराने दयाराम मोटार घेऊन आला.

मोटार एकोणीसशे तेवीस सालची, अलिबागच्या एका डॉक्टरांची. डॉक्टर वारले, आणि पुढची पंधरा वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. बैलांनी ओढत ती दारात आली तेव्हा ठमाबाईने कपाळावर हात मारला होता. "जल्ला, लोक घरात म्हस आनतात, यानी लोखंडाचं मढं आनलं!"

दयाराम सहा दिवस मुंबईच्या शेठचा ट्रक चालवायचा आणि रविवारी मोटारीच्या पोटात शिरायचा. बघता बघता त्याच्यासारखे आणखी तीन वेडे जमले. दादू हा रेवसच्या लाँचवरचा इंजिनवाला. बाबाजी हा अलिबागच्या बाजारातला तांबट, त्याने पाण्याच्या टाकीला इतकी ठिगळं लावली की मूळ टाकी कुठे आहे ते त्यालाच सांगता येईना. आणि रतन हा कोर्टातला कारकून. डॉक्टरांच्या मुलाकडून त्याने मोटारीचं मूळ इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं आणि तो ते पोथीसारखं मोठ्याने वाचायचा. टप एका गलबताच्या जुन्या शिडाचा शिवला. चौथं चाक तळा गावात एका विहिरीवर रहाट म्हणून लागलेलं सापडलं, तेव्हा चौघांनी त्या माणसाला नवा रहाट करून दिला आणि चाक वाजतगाजत घरी आणलं. तीन वर्षांचे सगळे रविवार असे गेले. कमळ मोठ्या किटलीतून त्यांना चहा देत आली होती, आणि देता देता तिलाही कुठला नट कुठे बसतो हे समजायला लागलं होतं.

मोटार सपाटीला छान पळाली. खिंडीच्या अर्ध्या चढणीवर मात्र तीनदा बंद पडली. चौघांनी इंजिन खोलून धुऊन पुसून परत लावलं. चौथ्यांदाही तिथेच बंद. मग महाराज पुढे झाले, आणि आज मोटार उलटी चढली होती.

दुपारी चौघे अंगणात सुतकात बसल्यासारखे बसले. कमळने किटली आणली.

"वयनी, आता कुठला चहा," दादू म्हणाला. "मेल्याच्या घरी चहा नसतो पीत."

"कोन मेला? मोटार उभी हाय की दारात," कमळ म्हणाली आणि ओतू लागली. तीन कप भरले. चौथ्याला किटली तिरकी केली तरी काही येईना. तळाला घोटभर चहा डुचमळताना ऐकू येत होता. तिने किटली आणखी वाकवली, तोटी पार खाली केली, तेव्हा चहा आला.

कमळ तशीच थांबली.

"दादूभाव, मोटारीचं पेट्रोल कुठं ऱ्हातं?"

"पुढच्या गादीखाली. डबा हाय तिथं."

"आनि इंजिनाला कोन नेऊन देतं?"

"कोन कशाला देल? नळी हाय. आपसूक वाहतं."

"आपसूक? म्हंजे आपल्या मिठागरासारखं? वरच्या कोंडीतून खालच्या कोंडीत पानी सुटतं तसं?"

"व्हय."

"मग चढनीवर मोटारीचं तोंड वर जातं तवा इंजिन वर आनि डबा खाली. खालच्या कोंडीतून वरच्या कोंडीत पानी चढताना तुमच्या बापजाद्यांनी कंदी बघलाय?"

चिंचखारचं अख्खं गाव मिठागरावर जगणारं. खाडीचं पाणी बांधातल्या कुठल्या उघाडीतून आत घ्यायचं, मिठाच्या कुठल्या कोंडीत, म्हणजे वाफ्यात, किती बोटं उताराने सोडायचं, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. पण तीच माणसं मोटारीजवळ गेली की उतार विसरली. लोखंडाच्या आत काहीतरी निराळे कायदे असतील असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. दयारामचा ट्रक तर पंपाने पेट्रोल ओढायचा. त्याला कधी डोक्याला ताण द्यावाच लागला नव्हता.

"आनि पेट्रोल तरी किती घालता?" कमळ म्हणाली. "रतनभाव सायकलवरून आनतात तो एक डबा. तळ झाकेल एवढा."

रतनने पुस्तक उघडलं. पानं उलटता उलटता त्याचे कान लाल झाले. "लिहिलंय. चढणीवर टाकी भरलेली ठेवा. कमी असेल तर मोटार फिरवून उलट्या गियरमध्ये चढवा."

"तीन वर्षं वाचताव ना पोथी?" बाबाजी उसळला.

"हे 'मोटार कशी चालवावी' या प्रकरणात आहे! ते वगळलं. ट्रक डायवरला चालवायला काय शिकवायचं?"

दयाराम पहिल्यांदा हसला. मग त्याने विचारलं, "पन महाराजाला कसं कळलं?"

"मना आठवतंय," कमळ म्हणाली. "पयल्या दिवशी त्यानी भुताचं आसन बघायचं म्हनून गादी उचलली, डब्यात नाक घातलं, आनि मग डोळे मिटले."

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. महाराजांनी मोटारीसाठी हार आणि स्वतःसाठी गादीवर घालायला व्याघ्रचर्म आणलं होतं, तेही उलटं. तेवढ्यात अलिबागेकडून टांगा आला. टांग्यातून रतन आणि बाबाजीने पेट्रोलचे मोठे डबे उतरवले आणि सगळ्यांसमोर गादीखालची टाकी काठोकाठ भरली.

"महाराज," कमळ म्हणाली, "मोटार देतो. पन मी एकदा तिच्यात बसून सुलटी वर जानार."

"मरशील बाय!" महाराज ओरडले. "भूत पोटातला जीव घेल!"

ठमाबाईने सुनेचा हात घट्ट धरला. कमळला तिची दया आली, कारण त्या बैलगाडीत वेशीपासून दवाखान्यापर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन हीच बाई बसली होती.

"आये, त्या दिवशी आपल्याला भुतानी नाय अडवला. वाटेनी अडवला. आज मना जाऊ दे."

म्हातारीने हात सोडला आणि लुगडं सावरून ती स्वतःच मागच्या गादीवर चढली. "जायचा तर दोघी जाऊ. भुताला आदी मी दिसंन."

दयाराम चालवायला बसला, दादूने हॅन्डल मारलं. मोटार निघाली, तोंड पुढे, पितळी दिवे आभाळाकडे. अर्ध्या चढणीवर, जिथे ती चारदा मेली होती, तिथे ठमाबाईने डोळे मिटले. उघडले तेव्हा मोटार माथ्यावर होती आणि समोर दूर अलिबागचे माड दिसत होते.

"ही माझ्या मंत्राची ताकद!" खालून महाराज गरजले.

"असंल," दादू म्हणाला. दयारामने मोटार खाली आणल्यावर त्याने नळीखाली डबा धरला आणि टाकी तळापर्यंत रिकामी केली, घोटभर पेट्रोल ठेवलं. "घ्या. आता मंत्र म्हना आनि सुलटी चढवा."

महाराजांनी मंत्र सुलटा म्हटला, उलटा म्हटला. मोटार अर्ध्यावर जाऊन बंद पडली. मग कमळने पाण्याने किटली भरली आणि लोकांना दाखवली. भरलेली असताना थोडी कलली तरी धार येते. तळाशी घोटभर उरलं की तोटी वर धरून काही येत नाही, तोटी खाली केली की येतं. मिठागरवाल्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एका म्हाताऱ्याने तर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि सगळी खिंड हसायला लागली.

"महाराज, आदी डायवर होताव ना? मोटार कुठं चालवायचाव?" दयारामने विचारलं.

उलटे महाराज खाली बघत म्हणाले, "मलबार हिलला. एका शेठच्या बंगल्यावर. अशीच गाडी होती. पेट्रोल कमी असलं की उलटीच न्यायचो." त्यांचं खरं नाव विठोबा निघालं.

"मेल्या, हे पयल्याच दिवशी सांगितला असतास तर दर ऐतवारी चहा पाजला असता!" बाबाजी म्हणाला.

कमळ मात्र हसली नाही. ती लोकांकडे वळली. "यानी माझ्या पोरावर भूत घातला आनि तुमी नारळ फोडलाव. मोटार बंद पडली तर का पडली, एवढाच इचारायचा होता. तुमाला ठावं होतं. रोज कोंडीत करताव तेच होतं. फकस्त इचारायचा राहून गेला."

त्या दिवसापासून म्हशी पुन्हा तोंडाकडून गोठ्यात जाऊ लागल्या.

फाल्गुनात कमळला कळा लागल्या. दयाराम रजा टाकून घरीच होता. त्याने हॅन्डल हातात घेतलं, तोच ठमाबाई आडवी आली. तिच्या हातात टाकी मोजायची बांबूची काठी होती. दयाराम म्हणाला, "आये, देवाचं नाव घे आनि सोड आमाला."

"आदी काठी बुडवीन," ठमाबाई म्हणाली, "मग देवाचं नाव घेन."

काठी वरपर्यंत ओली निघाली. मोटार खिंडीतून तोंड पुढे करून गेली, आणि दुपारच्या आत अलिबागच्या दवाखान्यात एक मुलगी एवढ्या मोठ्याने रडली की बाहेर उभे असलेले तिघे वेडे भोंगा वाजला की काय म्हणून दचकून मोटारीकडेच बघायला लागले.