गाडीवरच्या तीन रेघा

आम्हा नवराबायकोला गाडी चालवता येत नाही, तरी दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत आमचं अख्खं घर एका गाडीभोवती फिरत होतं. गाडी मात्र जागची हलली नाही.

गाडी आमच्या लेकीची, अनुपमाची. डाळिंबी रंगाची, लहानशी, पण स्वतःच्या पगारातून घेतलेली. ती पुण्याला एका कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी नवी गाडी दाखवायला सोनपेठला आली, तेव्हा तिचे वडील ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "लग्नाचं बघायच्या वयात गाडी घेतलीस. बरंय. पण त्या गाडीत मी पाय ठेवणार न्हाई." पोरगी पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी होती. तिनं तो माझ्या हातात दिला आणि जेवणाला न थांबता परत गेली. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत चालू झालं. "अप्पांनी गोळी घेतली का विचार." "तिला म्हणावं, थंडी लय हाय, जपून राहा." फोन माझा, कान माझा, आणि बोलणार ते दोघं. मला या कारभाराचा मनापासून वीट आला होता.

माझे यजमान ईश्वरअप्पा. एकदा नाव घेतलं, ते फक्त कळावं म्हणून. गाव त्यांना अप्पा म्हणतं, इथं मीही तेच म्हणते. त्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत आहे. पोत्यांची थप्पी कशी लावावी, कशी झाकावी, यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. हे त्यांनीच मला बऱ्याच वेळा सांगितलेलं आहे.

दसऱ्याच्या सुमारास कंपनीनं अनुपमाला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. पुण्यात गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती गाडी घेऊन इथं आली. किल्ली मला देईल असं वाटलं होतं. पण ती सरळ ओट्यावर गेली आणि तिनं किल्ली वडिलांच्या हातावर ठेवली. "अप्पा, तुमच्या भरवशावर ठेवून जायलेय."

दोन वर्षांत ती त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. अप्पांनी मूठ मिटली. "अमानत हाय ही. जशी दिलीस, तशीच घेऊन जाशील."

मला तिथंच सगळं उमगलं. 'चुकलं' हा शब्द या माणसाच्या तोंडून कधी निघायचा नाही. तो शब्द ते गाडीकडून वदवून घेणार होते. गाडी ओरखडासुद्धा न पडता परत गेली की जुनं बोलणं पुसलं जाईल, असा त्यांचा हिशोब होता. मलाही तेच हवं होतं. मी तर देवाला तसं सांगूनही ठेवलं.

घरासमोरच्या मोकळ्या जागेत, कडुलिंबाच्या बाजूला गाडी लावली. आधी बाजारातून चंदेरी रंगाचं तयार कव्हर आणलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली, कव्हर फुगलं आणि कडुलिंबाच्या फांदीला जाऊन लटकलं. "हे काय झाकणं झालं?" असं म्हणत अप्पांनी दुकानातून जाड ताडपत्री आणली. चारी बाजूंनी सुतळीनं आवळली, खालच्या कडेवर विटा ठेवल्या, वर माती लोटली. मुंगी शिरायची म्हटली तरी तिला परवानगी काढावी लागली असती.

आमच्या घरची एक रीत आहे. सकाळी पूजा झाली की बोटांवर उरलेलं ओलं भस्म मी वाया घालवत नाही. दर सोमवारी ते चौकटीला, दुकानाच्या तिजोरीला, तराजूला लावते. तीन बोटांनी तीन आडव्या रेघा. सासूबाई लावायच्या, म्हणून मी लावते. मग घरात अमानत म्हणून आलेली गाडी कशी सोडायची? सोमवारी अप्पा पुढची ताडपत्री वर करायचे, मी बॉनेटच्या मधोमध तीन बोटं ओढायची आणि अप्पा लगेच ताडपत्री खाली घेऊन आवळायचे. त्यांना मोंढ्याची घाई असायची.

बॅटरी उतरू नये म्हणून शेजारचा सिद्धोधन दर रविवारी येऊन दहा मिनिटं गाडी चालू करायचा. तो स्वतःचा पिकअप चालवतो, चांगला माणूस. एकदा म्हणाला, "अप्पा, बसा की आत. थंड हवा लावतो."

"न्हाई बाबा. तोंडातून शब्द गेलाय."

सहा महिने त्या गाडीची राखण केली, पण आत बसले नाहीत. आत काही पडलंय का बघायचं असलं तर दारातून मान घालायचे, पाय बाहेर. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

संक्रांतीच्या आधी सिद्धोधननं गाडी धुवायला काढली. फडकं फिरवता फिरवता थांबला. "काकू, हे काय हाय?"

बॉनेटवर तीन रेघा होत्या. फिकट, आडव्या, वीतभर लांब. तिथली चकाकीच गेली होती. साबण झाला, खोबरेल झालं, अप्पांनी धोतराच्या सोग्यानं घासून बघितलं. रेघा तशाच. अप्पा मटकन ओट्यावर बसले. तीन महिने इतक्या कष्टानं राखलेली गाडी, आणि दुखणं नेमकं दर्शनी भागावर.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय सुतळीवर. वाऱ्यानं हलून घासली असेल, म्हणून अप्पांनी सुतळ्या आडव्याच्या उभ्या केल्या. रेघा आडव्याच राहिल्या. दुसरा संशय मांजरावर, तर ताडपत्रीवर कुठं नखाचं निशाण नाही. तिसरा कडुलिंबावर. चौथा उन्हावर. उन्हासाठी तर अप्पांनी आठवडी बाजारातल्या एका दुकानदाराकडून लोखंडी पाइप आणले, वर शेतातली हिरवी जाळी ताणली आणि गाडीला चांगला मांडव घातला. येणारे-जाणारे विचारू लागले, "नीलम्मा, लग्न कुणाचं काढलंय?" मी सांगायची, "गाडीचं."

मांडवाखालीही ताडपत्री होतीच. आता ती दुहेरी झाली.

पलीकडच्या कडूबाई येऊन बघून गेल्या आणि त्यांनी निकाल दिला. "नजर लागलीय. एवढी लालभडक वस्तू दारात, लागणारच की." मी नजरबिजर मानत नाही असं म्हणते, पण त्या दिवशी मानली. सोमवारचं भस्म मी रोज लावायला लागले. चांगलं ओलं करून, दाट. आणि गाडी क्षणभरही उघडी राहू नये म्हणून अप्पा रोज माझ्यामागं ताडपत्री आवळायला उभे. मी अमानत राखायलेय आणि तेही राखायलेत, असं आम्ही दोघं मोठ्या निष्ठेनं करत होतो.

फाल्गुनापर्यंत रेघा अशा उठल्या की लांबून दिसाव्यात. अनुपमाचा फोन आला, पाडव्याला येते. अप्पा त्या दिवशी भाकरी अर्धी टाकून उठले. "तिला काय दाखवू मी?" एवढंच म्हणाले. मला त्यांची फार दया आली. एरवी मला त्यांची दया येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉनेटपाशी उभी होते. अप्पा सुतळी सोडत मागच्या बाजूला होते. मनात एकच प्रश्न घोळत होता. रेघा तीनच का? मांजर असतं तर चार पडल्या असत्या. बॉनेटवरून सुतळ्या तर दोनच जायच्या. विचार करताना मी आधाराला हात टेकला आणि खाली बघितलं. माझी तीन बोटं त्या तीन रेघांवर होती. मापानं बसली होती.

मी हात झटकन मागं घेतला. पण मी लगेच कबूल होणाऱ्यांपैकी नाही. परसात अनुपमाची कॉलेजातली स्कूटी आहे. तिला मी आठ वर्षं भस्म लावतेय, आणि तिच्यावर एक डाग नाही. मग भस्माचा दोष कसा? स्कूटीला जमतं ते गाडीला का जमू नये? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. डाळ दोनदा करपली.

शेवटी मी करून बघायचं ठरवलं. स्कूटीच्या पुढच्या पत्र्यावर डावीकडं ओलं भस्म लावलं आणि उघडं ठेवलं. उजवीकडं तसंच लावलं, पण वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद केला. रोज सकाळी उघडायचं, दोन्हीकडं लावायचं, उजवीकडचं पुन्हा बंद करायचं. ऊन मिळावं म्हणून स्कूटी भिंतीच्या कडेला ओढली. अप्पा विचारायचे, "परसात काय करायलीस?" मी म्हणायची, "पापड." आठ दिवस मी स्वयंपाकाआधी स्कूटीकडं जात होते. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

नवव्या दिवशी दोन्हीकडचं ओल्या फडक्यानं पुसलं. डावी बाजू लख्ख. उजव्या बाजूला तीन रेघा.

मी अप्पांना हाताला धरून परसात नेलं आणि दाखवलं. काय काय केलं ते सगळं सांगितलं. त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवून बघितलं.

"ओला माल झाकायचा नसतो," ते म्हणाले. "आणि झाकला तर हवा खेळू द्यायची. ह्याच्यासाठी मी मोंढ्यात किती जणांना बोललोय."

"भस्म माझं हाय," मी म्हणाले.

"ताडपत्री माझी."

त्यांनी जाऊन ताडपत्री काढली, घडी करून दुकानात पाठवली. मांडवाची जाळी तेवढी राहू दिली आणि गाडीवर जुनी सुती चादर सैल टाकली. सिद्धोधन म्हणाला, परभणीला एक पॉलिशवाला आहे, तो असलं घासून काढतो, मी पाडव्याच्या आत गाडी नेऊन आणतो. मला ते पटलं. अप्पा मात्र न्हाई म्हणाले. "तिला न दाखवता पुसलं, तर ती लबाडी झाली."

पाडव्याला गुढी उभारून झाली आणि अनुपमा एसटीनं आली. हातपाय धुवायच्या आधी मांडवात गेली. मी मागोमाग, तोंडात कबुलीजबाब तयार. सहा महिन्यांत पोरगी वाळली होती, तेही मला बोलायचं होतं. पण अप्पा तिथं आधीच उभे होते, हातात किल्ली घेऊन. त्यांनी चादर काढली.

"अमानतीत खोट आली, अनु," ते म्हणाले. "आधी मला वाटलं सुतळी. मग वाटलं मांजर." आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. वावटळ, विटा, मांडव, दुहेरी ताडपत्री, स्कूटीवरच्या रेघा. तिच्याकडं बघून, सरळ, मध्ये मी नाही. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं."

तो शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. तो एकट्या ताडपत्रीपुरता नव्हता, हे तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही कळलं. अनुपमा खाली वाकून रेघा बघत राहिली, बहुतेक डोळे लपवायला.

मग तिनं विचारलं, "स्कूटीवर करून कुणी बघितलं?"

"तुझ्या आईनं. मला म्हणाली पापड करायलेय."

पोरगी हसायला लागली. अप्पाही हसले. दोन वर्षांनी त्यांना एकत्र हसताना बघून मला रडू आलं, आणि मी ते उन्हावर ढकललं.

"परभणीला पॉलिशवाला हाय म्हणं," अप्पा म्हणाले. "बिघडवलंय मी, तर दुरुस्त पण मीच करून देणार. आज सण हाय, पण दुकान उघडं हाय, सिद्धोधननं फोन लावून विचारलंय. चल, मी येतो. मी उभा राहिल्याबिगर तो नीट घासायचा न्हाई."

बोलून गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. अनुपमाच्याही आलं. ती स्टिअरिंगपाशी जाऊन बसली आणि आतूनच हात लांब करून तिनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

अप्पा दाराशी उभे. गाडीला ओरखडा नसता, तर त्यांनी किल्ली दिली असती, तिनं घेतली असती, आणि दोघं आपापल्या जागी नीट राहिले असते. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि माझं आधीचं मागणं मागे घेतलं.

"अप्पा, ऊन लागायलंय," ती म्हणाली.

त्यांनी चपला काढल्या. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी पाय आत ठेवला.

मी मागं बसणार, एवढ्यात माझ्या लक्षात आलं की बोटांना सकाळचं भस्म अजून आहे. मी घुटमळले. अनुपमानं काच खाली केली. "लाव की आई. आता झाकायची कुठं हाय?" मी बॉनेटवर तीन बोटं ओढली, जुन्या रेघांवरच, आणि आत जाऊन बसले.

अप्पांना पट्टा लावता येईना. हयातभर सुतळ्या आवळलेला माणूस, ती कडी हातात धरून इकडं तिकडं बघत होता. अनुपमानं वाकून पट्टा ओढला आणि खट्कन लावला.

"लय आवळू नको," अप्पा म्हणाले. "हवा खेळली पाहिजे."