पिवळी तारीख

पोकलेनचं सगळं बळ तेलात असतं. लोकांना वाटतं, इंजिन माती उचलतं. इंजिन नुसतं पंप फिरवतं. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, वर-खाली करतं ते दाबाचं तेल. ते तेल गाळायला एक फिल्टर असतो, हातभर लांब, कागदाच्या घड्याघड्यांचा, आणि तो दर पाचशे तासांनी बदलायचा. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. धुळ्याच्या गॅरेजात मी दहा वर्षं हात काळे केले होते आणि मेकॅनिक म्हणून माझा तोराही काही कमी नव्हता.

माझी एक पद्धत होती. फिल्टर बदलला की त्याच्या डब्यावर पिवळ्या ऑइलपेंटने तारीख टाकायची आणि खाली मशीनचे तास. इतर मेकॅनिक हसायचे. म्हणायचे, पितांबर मशीनची जन्मपत्रिका मांडतो. हसेनात का. चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला धरणाचं काम चाललं होतं, तिथे तीन पोकलेन होती आणि तिन्हींवर माझं अक्षर होतं.

त्यातल्या एकावर झुलालभाऊ ऑपरेटर. जामनेर तालुक्यातला माणूस, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. स्वभाव इतका चोख की कधीकधी डोक्यात जायचा. रोज सकाळी मशीनला हात जोडायचा, मग मागे जाऊन तारीख वाचायचा, मगच वर चढायचा.

"पितांबर, तुनी तारीख देखाशिवाय मी चावी फिरावत नई," तो म्हणायचा. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सत्त्याऐंशीचा जानेवारी. संक्रांत तोंडावर आली होती. झुलालभाऊच्या मशीनचे तास भरले आणि फिल्टर साइटवर नव्हता. जळगावच्या स्टोअरमधून निरोप आला, मुंबईहून शुक्रवारी येईल. साइटवरचे साहेब म्हणाले, पाटाचं काम थांबता कामा नये, काय करायचं ते कर. साहेबांना मी नाही म्हणू शकलो असतो. त्यांनी माझी मान धरली नव्हती. पण "पितांबरकडे मशीन दिलं की उभं राहत नाही" असा माझा बोलबाला होता आणि तो मला सोडवेना.

सोमवारी दुपारी झुलालभाऊ जेवायला गेला तेव्हा मी जुना फिल्टर काढला. डिझेलमध्ये खळखळून धुतला, कॉम्प्रेसरची हवा मारली आणि परत बसवला. जाळीचा फिल्टर असा धुतला तर चालतो. कागदाचा चालत नाही. भिजला की मऊ पडतो, हवेने फाटतो. मला ते ठाऊक होतं. चार दिवसांत काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. जुनी तारीख तशीच असती तर झुलालभाऊने चावी फिरवली नसती. भांडला असता, साहेबांशीही भांडला असता आणि शुक्रवारपर्यंत मशीन उभं राहिलं असतं. म्हणून मी चिंधीने जुनी तारीख पुसली आणि ब्रश घेऊन नवी टाकली. बारा जानेवारी. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

जेवून आल्यावर त्याने ती वाचली. "आना का मंग नवा," एवढंच म्हणाला आणि वर चढला.

गुरुवारी सकाळी सिंगा पावरा चारीत उतरून फावड्याने तळ सारखा करत होता. डोंगरातल्या पाड्यावरचा मजूर, अंगाने काटक, कामाला वाघ. झुलालभाऊने बकेट खाली आणली आणि थांबवायला लिव्हर मधे घेतलं. बकेट थांबली नाही. लिव्हर मधे असताना ती खाली जात राहिली. सिंगाला चोपड्याला नेताना जीपमध्येच त्याचा जीव गेला.

काय झालं असेल ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. फाटक्या कागदातून कचरा पुढे गेला आणि व्हॉल्व्हमध्ये अडकला. पण दुपारी जळगावहून इंजिनीअर आले आणि त्यांनी मशीन चालवून पाहिलं, तेव्हा लिव्हर लोण्यासारखं चाललं. कचरा जसा अडकतो तसा सुटतोही. त्यांनी मागे जाऊन पिवळी तारीख वाचली. तीन दिवसांपूर्वीची.

"फिल्टर तर नवा आहे," ते म्हणाले.

आणि मी तोंड उघडायच्या आधी झुलालभाऊ बोलला. तो मातीत बसला होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. "मशीनवर बोल नका लावू साहेब. पितांबरनी तारीख शे त्यावर. मनाच हात चुकना व्हई."

मी तोंड उघडलं नाही. आज सांगतो, संध्याकाळी सांगतो, कामावरून काढतील तेव्हा सांगतो. त्याला काढलं, तो वळकटी घेऊन ट्रकमध्ये बसला, तरी मी सांगितलं नाही.

शुक्रवारी नवा फिल्टर आला. मी जुना काढून हॅकसॉने उभा कापला. कागद तळहाताएवढा फाटला होता. तो भंगारात टाकायचं धाडस होईना, म्हणून पोत्यात गुंडाळून घरी ट्रंकेच्या तळाशी ठेवला. प्रमिलाबाई, माझी बायको, दर दिवाळीला विचारायची, हा तेलकट कचरा कशाला जपताय. मी तिच्यावर ओरडायचो. त्यानंतर मी कुठल्याच मशीनवर तारीख टाकली नाही.

अकरा वर्षं गेली. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात एका ट्रॅक्टरच्या कामाला जामनेरला गेलो होतो. बाजारात ताईबाई भेटली, झुलालभाऊची बायको. मी टाळणारच होतो, पण तिनेच हाक मारली. नातू झाल्याचं सांगितलं. मी म्हटलं, आजोबा खूश असतील.

"काय खूश, भाऊ," ती म्हणाली. "सव्वा महिना झाया. आजोबा त्याले हातमा लेतच नईत. म्हनतस, मना हातना भरोसा नई."

मग बाकीचंही कळलं. त्या दिवसापासून त्याने लिव्हर सोडा, बैलगाडीचा कासराही धरला नव्हता. गाडीत मागे बसायचा. फक्त दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्वारीचं पोतं घेऊन एसटीने चोपड्याला आणि तिथून पुढे पाड्यावर जायचा, सिंगाच्या बायकोकडे. मला बाजारात उभं राहवेना. धुळ्याला गेलो, ट्रंक उपसली आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात हजर झालो.

झुलालभाऊ ओट्यावर बसला होता, केस पार पिकलेले. शेजारी झोळीत बाळ झोपलं होतं आणि तो झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याने ओढत होता. मी पोतं सोडून फिल्टर त्याच्यापुढे ठेवला.

"हाऊ त्या दिनना शे," मी म्हटलं. "नवा नव्हता, झुलालभाऊ. जुनाच धोईसन बसाडा व्हता मी. तारीख खोटी व्हती."

ऑपरेटरच तो, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने फिल्टर उचलला आणि फाटक्या कागदातून दोन बोटं आरपार घातली. बराच वेळ ती बोटं तशीच ठेवली. मला वाटलं, आता मारेल. मारावं असं फार वाटत होतं.

"तुले तवयच माहीत व्हतं?"

"व्हतं."

त्याने फिल्टर खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. मग उठून आतून ज्वारीचं पोतं ओढत आणलं, तोंड शिवून तयार असलेलं.

"परोन आखाजी शे," तो म्हणाला. "यंदा तू जाय. ती पानी देत नई, मांगू नको."

चोपड्याहून जीप मिळाली ती अर्ध्या वाटेपर्यंत. पुढे चार मैल पोतं डोक्यावर घेऊन चढलो. ऊन असं की घशाला कोरड पडून थुंकीही गिळवेना. पाड्यावर एका म्हाताऱ्याने घर दाखवलं. सिंगाची बायको चमेलीबाई दारात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झुलाल नई उना?"

"नाही. मी आलो."

परका माणूस, उन्हातून चढून आलेला. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्या हातात दिला. तांब्या गार होता. तोंडाला लावला असता तर मी कोण ते तिला कधी कळलंही नसतं. पिऊन मग सांगता आलं असतं, न सांगताही येता आलं असतं. या बाबतीत मी चांगला मुरलेलो होतो.

मी तांब्या तसाच धरून सगळं सांगितलं. फिल्टर, डिझेल, पिवळी तारीख. तिला यातलं किती समजेल म्हणून शेवटी सरळच म्हटलं, "सिंगाला झुलालने नाही मारलं. मी मारलं."

चमेलीबाईने वाकून मोहाची फुलं सारखी केली.

"अकरा वरीस तो आठे बसना," ती म्हणाली, दाराजवळच्या दगडाकडे बोट करून. "उनमा. मी त्याले पानी नई दिनं."

मग तिने हात पुढे केला आणि माझ्या हातातून तांब्या काढून घेतला.

"झुलालले धाड," ती म्हणाली. "तू येऊ नको."