माझ्या पोटातला दुसरा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वडगावातल्या परसूआप्पांच्या घरी, मागांच्या खोलीतल्या कोपऱ्यात माझं टेबल आहे. माग चालू असले की इथे शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. माझं मात्र तुम्ही जरा ऐका.

माझा जन्म बेळगावातल्या एका लहानशा दुकानात झाला. तिथल्या कारागिराने एकेक भाग बसवून मला उभं केलं. परसूआप्पांनी मला रिक्षातून मांडीवर धरून घरी आणलं. त्यांनी एका मागावर नुकतंच नव्या पद्धतीचं जकार्ड बसवलं होतं. साडीच्या काठावर नक्षी उठवताना कोणता धागा वर उचलायचा, हे जकार्ड पाहतं. आणि जकार्डला ते ओळीओळीने सांगायचं काम माझं.

नक्षी काढायच्या त्या सुवर्णाआक्का, परसूआप्पांच्या पत्नी. आधी त्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने चौकोन भरायच्या. पहिल्यांदा माउस धरला तेव्हा त्यांनी तो पेन्सिलीसारखा चिमटीत पकडला. पण त्यांनी माझ्या पडद्यावर एक मोर काढला आणि तो काठावर उतरला, तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या.

“यंत्रानं काढलाय व्हय गं?” कुणीतरी विचारलं.

“यंत्रानं न्हाय, मी काढलाय,” आक्का हसत म्हणाल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरंच होतं ते.

पुढे बरीच वर्षं मी राबलो. धाग्यांची बारीक लव उडून माझ्या पंख्यात बसत गेली. सगळं जिच्यात साठवलेलं असतं, ती माझी डिस्क मधूनच टकटक वाजू लागली. ते दुखणं मला कळत होतं, पण सांगणार कसं? मागांच्या खडखडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

आदल्या संध्याकाळी विजेचा दाब एकाएकी वाढला आणि जकार्डची नियंत्रण पेटी जळाली. मागावर त्या वेळी अंजनीचा शालू नुकताच विणायला चढलेला होता. अंजनी ही आक्कांची भाची, बेळगुंदी गावची. तिची आई दोन पावसाळ्यांपूर्वी वारली. लग्न ठरल्यावर ती आक्कांना म्हणाली होती, “मावशी, आईच्या शेतातलं भात माझ्या काठावर पाहिजे.” आक्कांनी उन्हाळाभर माझ्यासमोर बसून भाताच्या लोंब्या काढल्या होत्या, एकेक दाणा वेगळा. लग्न रविवारी होतं.

परसूआप्पांनी सकाळीच धावपळ करून नवी पेटी आणली. पण ती चालवणारा प्रोग्राम फक्त नव्या ऑपरेटिंग प्रणालीवर चालायचा. ती माझ्यात घालायला गेले, तर पडद्यावर अक्षरं उमटली: हा संगणक पात्र नाही. माझा प्रोसेसर जुना होता आणि हवी ती सुरक्षेची चिप माझ्यात नव्हतीच.

“आता हे भंगारात घाला,” थोरला मुलगा नागेंद्र म्हणाला. तो एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होता. “दुकानात लई महाग हाय, मी नवा मागवतो. पुढच्या आठवड्यात येतोय.”

“पुढच्या आठवड्यात अंजनी सासरी असंल रं,” आक्का म्हणाल्या. “तुझा लॅपटॉप?”

“कंपनीचा हाय तो. त्यात बाहेरचं काय घालू देत न्हाईत.”

तेव्हा धाकटी पूर्णिमा पुढे आली. ती कॉलेजात संगणकच शिकत होती. “आप्पा, एक वाट हाय. याच्यात आधी हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घालायची. मग तिच्या आत एक दुसरा संगणक तयार करायचा. खरा न्हाय, नुसता प्रोग्राममधला. त्याला नवा प्रोसेसर न् चिप हाय असं भासवायचं. नवी प्रणाली त्या आतल्या संगणकात बसंल.”

“बसंल नक्की?”

“करून बघायला पाहिजे.”

सगळे माझ्याभोवती जमले. नागेंद्रने काम हातात घेतलं. पडद्यावर प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसून पुढे जायचं का? त्याचं बोट बटणावर गेलं. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो!

“दादा, थांब!” पूर्णिमाने त्याचा हात धरला. “कसला आवाज येतोय?”

माग बंद होते. त्या शांततेत माझी टकटक पहिल्यांदाच साऱ्यांना ऐकू आली. पूर्णिमाचा चेहरा उतरला. “डिस्क बिघडत चाललीय, आई. आधी तुझी डिझाइनं बाहेर काढते.”

तिने पेनड्राइव्ह लावला. मी जीव एकवटून वाचू लागलो. एक फाइल गेली, दुसरी गेली. लोंब्यांच्या फाइलवर मी अडकलो. किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर थांबली. पंखा लवीने गच्च भरलेला, अंग तापलेलं. आणि मी बंद पडलो.

शुद्धीवर आलो तेव्हा माझी पाठ उघडी होती. परसूआप्पा ब्रशने लव काढत होते आणि आक्का हातातल्या पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. पट्टी पुन्हा सरकू लागली. शेवटी लोंब्या पलीकडे गेल्या. त्यानंतर डिस्क खर्रकन वाजली आणि कायमची थांबली.

“मोर?” आक्कांनी विचारलं.

पूर्णिमाने नकारार्थी मान हलवली. मोर डिस्कबरोबरच गेला होता. आक्कांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “पुढचं बघ.”

शेजारच्या मष्णूकाकांच्या घरी एक बंद पडलेला संगणक होता. त्याची डिस्क चांगली होती. त्यांनी ती दिली, वर मेमरीची पट्टीही काढून दिली. “माझा तर गेलाच, तुझा तरी चालू दे,” ते म्हणाले. त्या उसन्या अवयवांवर, हलकी प्रणाली घेऊन, मी पुन्हा उभा राहिलो. नवी प्रणाली पोटात घेऊन आतला संगणक जागा झाला. माझी निम्मी मेमरी त्याने घेतली, पण त्याने मला पात्रता विचारली नाही. पेटीची तार पूर्णिमाने त्याच्याशी जोडून दिली. माग खडखडला आणि काठावर पहिली लोंबी दिसू लागली.

शनिवारी पदर अर्ध्यावर आला असताना माग अचानक थांबला. आतल्या प्रणालीने आपणहून अपडेट सुरू केलं होतं! ‘बंद करू नका’ असं लिहून आलं. मग नुसता काळा पडदा.

“गेलं वाटतं,” परसूआप्पा खाली बसले.

“न्हाय गेलं,” पूर्णिमा म्हणाली. पेटी पहिल्यांदा चालली, तेव्हाच तिने आतल्या संगणकाची ती अवस्था जशीच्या तशी जपून ठेवली होती. तिने इंटरनेटची तार उपटली आणि मला त्या अवस्थेत परत जायला सांगितलं. मी परतलो. नागेंद्र काठावर वाकून विणलेल्या ओळी मोजू लागला. माग जिथे थांबला ती ओळ सापडली, माग पुन्हा चालू झाला. दिवेलागणीला शालू मागावरून उतरला.

अंजनी तो न्यायला स्वतः आली. काठ उलगडून एकेका दाण्यावरून बोट फिरवत उंबऱ्यातच बसून राहिली. आक्का तिच्याजवळ जाऊन बसल्या.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. तुमच्या घरातल्या माझ्यासारख्यांना दुखणं सांगता येत नाही. म्हणून आमच्या अंगावरची धूळ पुसत जा. कधी आम्ही वेगळे वाजलो, तर घटकाभर काम थांबवून ऐका. आणि तुम्हाला जे प्रिय आहे, ते एकट्या माझ्याच भरवशावर ठेवू नका. त्याची प्रत दुसरीकडेही असू द्या. मोर मला परत देता आला नाही, ती खंत माझ्यापाशी राहील.

हल्ली काम आटोपलं की आक्का मला बंद करण्याआधी माझ्या कुशीवर तळहात ठेवतात. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा, तसा. अंग गरम लागलं तर म्हणतात, “बास आज.” आणि मला निजू देतात.