बाबांच्या वाट्याचा बर्फ

आमच्या फ्रीजमध्ये बर्फ पडला की खडखड आवाज होतो, आणि बाबा मान वर करतात. हल्ली आवाजच होत नव्हता. सकाळी एकदा, मग थेट दुपार उतरल्यावर. आणि पडायचं ते तरी काय, तर अर्धवट, पोकळ खडे. कुणीतरी चोखून परत ठेवल्यासारखे.

बाबांच्या किडन्या गेल्यात. एक दिवसाआड डायलिसिस. तिथलं मशीन अंगातलं जादा पाणी काढून टाकतं. मधल्या वेळात जे पिऊ ते अंगातच साठणार, म्हणून पाणी अगदी घोट घोट. डॉक्टर म्हणाले, घसा फारच सुकला तर बर्फाचा एक खडा चघळत बसा, तेवढीच तहान फसते. तेव्हापासून बाबांचा जीव त्या फ्रीजमध्ये. खुर्चीसुद्धा स्वयंपाकघरात आणून ठेवली.

फ्रीज त्यांनीच आणलेला. आजारी पडायच्या आधी ते फ्रीज दुरुस्त करायचे. हा कुठल्या तरी बंगल्यातनं भंगारात निघाला होता. मागून पाण्याची नळी जोडली की आपला आपण बर्फ करतो. ‘साहेबांचा फ्रीज’ म्हणायचे त्याला.

मी शाळा सोडल्यापासून घरीच. म्हणजे घरात जे बिघडेल ते माझ्या गळ्यात. आई हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. संध्याकाळी पाय ओढत येते. काही सांगायला गेलं की म्हणते, "आधी मला बसू दे." मग बसते, आणि बसल्या बसल्या झोपते.

त्या दिवशी सकाळपासून बाबांचं एकच. "पडला का गं?"

"नाही."

जरा वेळ गेला की परत. "पडला का गं?"

माझं डोकं सटकलं. "आज हा फ्रीज एक तर बर्फ देईल, नाही तर माझ्या हातनं मरेल."

"राहू दे गं, ठिणगे," बाबा म्हणाले. मी तापट, म्हणून ठिणगी. "म्हातारा झालाय तो. माझ्यासारखा."

"तुम्ही नुसतं सांगा कुठं बघायचं. करते मी."

"एवढी जिद्द शाळेत दाखवली असतीस ना..."

"बाबा, पाना मारीन हां."

ते हसले. हसले तर ओठ फाटला, रक्त आलं. इतके सुकलेले ओठ.

"बरं, थंडी बघ आधी," म्हणाले. बटण बघितलं, थंडी बरोबर होती. मग म्हणाले, दाराचं रबर बघ, कागद मध्ये धरून दार लाव, कागद सुटून आला तर रबर ढिलं. कागद फाटला पण सुटला नाही. मग म्हणाले, आतल्या नळीचं तोंड गोठलं असेल. झालं! सगळा फ्रीजर रिकामा केला, डोकं आत घालून नळीवर हेअर ड्रायर मारला. केस वाळले, बाकी काही नाही. नळी मोकळीच होती. मग फिल्टर. उन्हातनं दुकानात गेले, दुकानदाराला चार शब्द सुनावून बरोबर मापाचा आणला, बसवला. फ्रीज आपला मख्ख. साच्यात पाणी आलं ते करंगळी बुडेल एवढं.

मी फरशीवरच बसले. पाठ अशी भरून आलेली की उठवेना. आणि तिथं बसल्या बसल्या मला बाबांचा चेहरा दिसला. मी एकेक गोष्ट ‘नाही, हे नाही’ म्हणत होते, तरी त्यांना वैताग आलेला नव्हता. उलट सुटल्यासारखे दिसत होते. लहानपणी त्यांच्याबरोबर कामाला जायचे मी. हाताखालच्या पोरावर ते कसे ओरडायचे ते अजून कानात आहे. "आधी पाणी येतंय का बघ रे, गाढवा!" मग आज सगळं सांगितलं आणि नेमकं तेच कसं नाही सांगितलं?

"मागं बघते," मी म्हणाले.

"मागं काही नाही." जरा जास्तच पटकन म्हणाले.

फ्रीज ओढला. मागं धुळीचा थर, जाळी, एक मेलेलं झुरळ. भिंतीवर नळीचा कॉक. जवळजवळ बंद. त्याच्या मुठीवरही धूळ होती, पण तीन बोटांएवढी जागा स्वच्छ पुसलेली.

"बाबा, कॉक कुणीतरी आवळलाय."

"असू दे तसाच."

"असू दे? सकाळपासून माझा नुसता पिट्टा पाडला, आणि असू दे?"

"ठिणगे, उघडू नकोस."

पण मी ऐकतेय कसली. कचकन सगळा उघडला. नळी सळसळली.

जेवणं झाली, भांडी झाली, आणि मग फ्रीज बोलला. खडखड खडखड. पांढरेशुभ्र, भरलेले खडे. मी ऐटीत वाटी भरून बाबांच्या हातात दिली. "घ्या. ऐश करा."

त्यांनी एक तोंडात टाकला. तो विरघळायच्या आत दुसरा. मग चघळणं संपलं, कडाकडा चावायलाच लागले. डोळे मिटलेले. मी एक, दोन, तीन बघितलं, हसले. मग हसू गेलं.

"बास आता, बाबा."

ऐकूच गेलं नाही.

"बाबा, बास!" मी वाटी धरली. त्यांनी सोडली नाही. साधं बरणीचं झाकण उघडत नाही त्यांना, पण वाटी अशी धरलेली की मला दोन्ही हातांनी ओढावी लागली. बापाच्या हातातली वाटी. शेवटी हिसका बसला, खडे फरशीवर सांडले, आणि बाबा खुर्चीतनं खाली वाकले. फरशीवरचे उचलायला.

मग थांबले. मागं टेकले. पंच्यानं तोंड पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नसताना.

"म्हणून म्हटलं, उघडू नकोस," म्हणाले.

मी खडे गोळा करून मोरीत टाकले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"आईनं केलंय?"

"मागं मला श्वास घेता येईना, छातीत पाणी भरलं, उचलून न्यावं लागलं ना, तेव्हा बर्फच खाल्ला होता मी. भांडंभर. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं फ्रीज सरकवला. मी झोपलोय असं वाटलं तिला. जन्म गेला माझा फ्रीजच्या मागं, मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्यासारखी वाटी ओढता आली असती तिला. नाही ओढली. बर्फ कमी पडला की मी फ्रीजला शिव्या घालतो, तिला नाही. तिला वाटतं मला माहीत नाही. वाटू दे."

मी उठले, फ्रीजच्या मागं गेले. "किती आवळू?"

"पूर्ण बंद कर. मग अगदी थोडा सोड."

सोडला.

"पाण्याचा आवाज येतोय अजून," बाबा खुर्चीतनं म्हणाले. "आवळ." जरा थांबून म्हणाले, "अजून थोडा."

आई आली तेव्हा फ्रीज अजून मधोमध उभा होता. माझ्यात परत ढकलायची ताकद उरली नव्हती.

"हे काय मांडलंय?" तिनं पिशवी दारातच ठेवली.

"बर्फ नीट पडत नाही म्हणून बघत होते. फिल्टर बदलला."

"मग?"

"काही फरक नाही."

ती बसली नाही. फडकं घेतलं, "किती धूळ बाई," म्हणत मागं शिरली. तिथं जरा वेळच लागला तिला. बाहेर आली तर फडकं होतं तसंच, कोरडं, स्वच्छ.

"जुना झालाय गं तो," ती म्हणाली.

"मी सकाळपासून तेच सांगतोय," बाबा म्हणाले. "ऐकते का कुणाचं?"

तिनं चहाचं आधण ठेवलं. बाबांना संध्याकाळी अर्धा कप असतो. त्याचीच वाट बघत असतात. पण दुपारी किती खडे पोटात गेले ते मलाच माहीत होतं, आणि डायलिसिस उद्या. बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

"आई, बाबांना आज चहा नको," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. का म्हणून विचारेल असं वाटलं. माझ्याकडे एक थाप तयार होती, फारशी बरी नव्हती.

तिनं विचारलं नाही. गॅस बंद केला.

"मलाही नकोच वाटतोय," म्हणाली. "चल, तिकडनं धर. हा आत ढकलू आधी, मग बसते."