स्टूल सरकवल्याशिवाय

बँकेच्या पत्रातली ओळ शिंपीणबाईंनी उभ्याउभ्या तीनदा वाचली. ‘वरची दोन्ही घरं रिकामी, भाड्याचं उत्पन्न शून्य. कर्ज नामंजूर.’

रिकामी! वरच्या एका घरात सहा वर्षं नर्स राहत होती, दुसऱ्यात बसड्रायव्हर आणि त्याची आई. खाली शिवणयंत्रासकट शिंपीणबाई. सगळे भाडेकरूच. म्हाताऱ्या घरमालकाला आता मुलाकडे जायचं होतं. “शुक्रवारपर्यंत बँकेचं पत्र आणा, घर तुमचं. नाहीतर बिल्डर दारात उभाच आहे,” असं त्यानं बजावलं होतं. बाईंचा हिशेब सरळ होता. नुसत्या शिलाईवर हप्ता फिटणं शक्य नव्हतं, पण आपण खाली राहून वरची दोन भाडी त्यात घातली की भागत होतं. नेमकी तीच बँकेनं पुसून टाकली होती. आणि आज गुरुवार!

“मी रिकामी होय?” रात्रपाळीहून नुकतीच आलेली नर्स तशीच चपला सरकवून खाली उतरली. “चला काकू, भाड्याच्या पावत्या घेते.”

“आईलाही नेऊ,” ड्रायव्हर म्हणाला. “ती बोलायला लागली की घर भरलेलं आहे हे कळेल त्यांना.”

बँकेत कर्जाच्या साहेबांसमोर खुर्च्या दोन, माणसं चार. साहेबांनी पावत्या बाजूला सारल्या.

“घराची पाहणी करून किंमत ठरवणारे आमचे व्हॅल्युअर जाऊन आलेत, बाई. वर जाऊन दारं वाजवली, कुणी राहत नाही, असा त्यांचा अहवाल आहे.”

व्हॅल्युअर पलीकडच्याच टेबलावर फाइलीत डोकं घालून बसला होता. बाईंनी आधी ओळखलं ते त्याच्या शर्टाचं दुसरं बटण. बाकीची पांढऱ्या दोऱ्यानं लावलेली, ते एकच निळ्या. दोरा त्यांचाच होता.

“वर कुठून गेलात, दादा?”

“जिन्यानं. आणखी कुठून जाणार?”

“जिना कुठे आहे?”

“म्हणजे... मागच्या बाजूला.”

ड्रायव्हरची आई फसकन हसली. “मागं गटार आहे रे बाबा!”

बाई हसल्या नाहीत.

“साहेब, जिना माझ्या खोलीतून जातो, मशीनच्या मागून. मी उठून स्टूल सरकवल्याशिवाय मांजरसुद्धा वर जात नाही. ह्यांनी खोलीला टेप लावली, बटण तुटलंय म्हणाले, मी बसल्या जागी लावून दिलं. पैसेही घेतले नाहीत. मी उठलेच नाही, मग हे वर गेले कसे? माझ्याच दोऱ्यानं बटण लावून घेतलंत आणि माझंच घर रिकामं लिहिलंत?”

व्हॅल्युअरचा हात नकळत बटणावर गेला. साहेबांनी ते पाहिलं.

“फेरतपासणी करू,” ते पुटपुटले. “पंधरा दिवस तरी—”

“खोटं लिहायला किती दिवस लागले होते?”

बाईंचा आवाज चढला तशी काउंटरची रांग वळून बघू लागली. साहेब उठले. “चला, मी स्वतः येतो. अहवाल बदलला की उद्या सकाळी पत्र देतो.”

घरी पोचल्यावर बाई आधी आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. समोर व्हॅल्युअर फाइल धरून उभा, त्याच्यामागे साहेब.

“बाई, जरा वर जायचं होतं,” तो खाली मान घालून म्हणाला.

बाई सावकाश उठल्या. स्टूल सरकवलं.

“पायऱ्या मोजत चढा,” त्या म्हणाल्या. “खाली आलात की साहेबांसमोर विचारणार आहे.”