धानातला नारळ

कुणाला सांगून खरं वाटायचं नाही, पण नारळाच्या शेंडीचा एक केस, एकच, तोही भिजलेला, नीतूच्या बोटातली साक्षगंधाची अंगठी अडवून बसला होता. खड्याच्या खाली असा घट्ट शिरला होता की अंगठी ना पुढे सरकत होती ना मागे, आणि ती मागच्या अंगणात नळाखाली हात धरून त्या केसाला नखानं ओढत होती, ओढता ओढता हसत होती, आणि आपण हसतो आहोत हे लक्षात आलं की ओठ दाबून घेत होती, कारण चुलीपाशी माय बसली होती आणि मायच्या मते आज या घरात हसण्यासारखं काहीच घडलेलं नव्हतं.

घडलं होतं. त्याहून हसण्यासारखं दवनीवाड्याच्या हद्दीत गेल्या शंभर वर्षांत घडलं नसेल आणि पुढची शंभर वर्षं घडायचं नाही, असं नीतूचं ठाम मत होतं. पण मत ठाम असून काय होतं, ते ऐकायला कुणी लागतं, आणि ऐकणारं माणूस दुपारी तिरोड्याहून येणार होतं — होणारी सासू. रामकलीबाई. ब्लाउजचं माप घ्यायला, आणि आल्यासारखी टोपली बघायला.

टोपली पुढच्या छपरीत होती. नव्या धानानं काठोकाठ भरलेली, वर हळदीकुंकवाची बोटं, आणि आता मधोमध एक खड्डा.

रामकलीबाईंच्या घरची ही रीत. साक्षगंधाला मुलीच्या ओटीत घातलेला नारळ लाल फडक्यात बांधायचा, मुलीच्या घरच्या नव्या धानात पुरायचा आणि लग्नाच्या दिवशी त्या धानासकट सासरी आणायचा. मधे त्याला हलवायचं नाही, उघडायचं नाही, हात लावायचा नाही. आपले बापजादे माळव्यातून निघाले तेव्हा बियाण्यात असाच नारळ दडवून आणला होता, असं त्यांनी साक्षगंधाच्या दिवशी चारचौघांत सांगितलं, आणि सगळ्या पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि नीतूच्या मनात आलं — माळव्यात नारळ कुठून आला? — पण नवी साडी, डोक्यावर पदर, हातात गजरा, समोर फोटो काढणारा... बोलली नाही. त्या दिवशी ती बऱ्याच ठिकाणी बोलली नाही.

तर धानात नारळ पुरला. हे सगळं ठीकच होतं. पण धान म्हटलं की उंदीर आले, आणि उंदीर येतात म्हणूनच या घरात पटवारी होता.

पटवारी म्हणजे कुत्रा. मातकट रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला, शेपटी अशी की अंगापेक्षा तिचंच वजन जास्त भरावं. गावातल्या प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर पाय वर करून रोज नवी मोजणी करायचा म्हणून नीतूनं त्याचं नाव पटवारी ठेवलं. रोज सकाळी दोघं निघायची, नीतू आणि पटवारी, लाखोरी पेरलेल्या बांध्यांमधून बोडीच्या तळ्यापर्यंत, कधी बोडीला वळसा घालून पळसांच्या रांगेपर्यंत. काही कामानं नाही, काही आणायला नाही. माणूस जातं तसं. लोक विचारायचे, काऊन जाऊन राहिली वो? तर नीतू सांगायची, पटवाऱ्याच्या हाताखाली नोकरी लागली मले.

आणि साक्षगंधाच्या दिवशीच, त्याच चारचौघांत, पेढ्याचा तुकडा तिच्या तोंडात घालता घालता रामकलीबाई म्हणाल्या होत्या, "आता रानात, बोडीवर हिंडणं बंद कर बाई. ठरलेल्या पोरीनं शीव नाही ओलांडू." आणि मग छपरीकडे बघून, "कुत्रं इथंच राहीन ना?"

ते विचारणं नव्हतं. तोंडात पेढा होता. पेढा गिळेपर्यंत विषय ब्लाउजवर गेला होता... आणि नीतू तेव्हापासून रोज तो पेढा गिळत होती, रोज अंघोळ करताना, भांडी घासताना एकेक उत्तर तयार करत होती, एकाहून एक झणझणीत, आणि रोज पहाटे शिवेवरच्या दगडापाशी पोचली की मुद्दाम थांबून, दगडाला पाय लावून, शीव ओलांडत होती. कुणी बघत नसताना केलेल्या बंडाला बंड म्हणतात का, हा प्रश्न तिला पडायचा. पटवारीला पडायचा नाही. त्यानं दगडावर आपला शिक्का आधीच मारलेला असायचा.

"हसून राहिली तू?" माय चुलीकडूनच म्हणाली.

"नाही वो."

"मंग खांदे कायले हलून राहिले?"

खांदे... आज सकाळी धुकं होतं. असं धुकं की आपलाच हात ओळखीचा वाटू नये. थंडी अशी की बोडीतल्या मासोळ्या एकमेकींची पांघरुणं ओढत असाव्यात. पटवारीनं टोपलीत नाक खुपसलं. खाली काहीतरी खसफसलं असणार, तो कामाचा कुत्रा आहे, उगाच उकरत नाही. दोन्ही पंजांनी धान उडवत गेला, उंदीर निसटला, आणि त्याच्या दातांत आली ती लाल गाठ. गाठ धरून तो जो सुटला तो फाटकातून, हापशीवरून, शिवेच्या दगडावरून थेट बांध्यांत, आणि त्याच्यामागे नीतू, अनवाणी, ओढणी कंबरेला, "पटवारी! थांब ना बे! माझं लग्न हाय ते!"

लाखोरीला निळी फुलं आली होती. धुऱ्यावरचं दव पायांना कापत होतं. आणि कुठल्याशा धुऱ्यावर — हे मी कुणाला सांगणार? — कुठल्याशा धुऱ्यावर मला कळलं की मी नारळासाठी धावत नाहीये, नुसतीच धावते आहे, तोंडातून वाफ निघते आहे, आणि पेढा नाही, गजरा नाही, पदर नाही, मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला धावता येतं.

बोडीच्या पाळीवर पटवारी थांबला. गाठोडं खाली ठेवलं. पुढचे पाय पसरून, मागचं अंग वर करून, शेपटी हलवत तिच्याकडे बघू लागला. म्हणजे, टाक ना.

नीतूनं गाठोडं उचललं. हातात चांगलं भरत होतं. घरी न्यायला हवं होतं... पुसून, पुन्हा पुरून, वर धान सारखं करून. काही बिघडलं नव्हतं तोवर. काहीच बिघडलं नव्हतं.

तिनं फेकला.

कसा फेकला, तर जसा सुट्टीचा चेंडू फेकतात तसा, खांद्यातून, सगळ्या अंगाचा जोर लावून. आणि नारळ धुक्यात शिरला आणि धुक्यानं तो परत दिला नाही, फक्त बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला. पटवारीनं पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि थंडीचा विचार करून बसून घेतलं.

मग नीतू उतरली. गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत, आणि पाणी असं गार की पाय आपले आहेत की शेजारच्यांचे तेच कळेना. लाल गाठोडं तरंगत होतं. तिकडे जाणार तोच पलीकडच्या धुक्यातून दोन सारस चालत आले, चालत, घाई नाही, आपल्याच शेतात मालक यावेत तसे; माणसाएवढे उंच, लाल मानेचे. एकानं चोच घालून लाल फडक्याचं टोक धरलं. ओढलं. गाठ सुटली, नारळ गळून पडला, आणि तो सारस ते फडकं चोचीनं वर उडवू लागला — वर उडवायचा, पंख पसरून उडी मारायचा, खाली येताना झेलायचा. मग दुसरीनंही उडी मारली, मग दोघं एकमेकांभोवती वाकून, उठून, ओरडून... अख्ख्या बोडीवर दोनच लाल माना आणि एक लाल फडकं. पटवारी पाळीवर झुडपामागे दडून नुसता एक कान बाहेर काढून होता. आणि नारळ, फडक्याविना, उघडा, शेंडी भिजलेला, आपला आपणच तरंगत नीतूच्या मांडीला येऊन लागला.

ती हसली. पाण्यात उभी राहून एकटी इतकी हसली की सारस उडून गेले. फडकं घेऊन.

"दुसरा आणतो," माय आता उठून जवळ आली होती. मायचं नाव ओमेश्वरी, पण आजचा चेहरा नाव घेण्यासारखा नव्हता. "चौकातून दुसरा नारळ आणतो. लाल कापड हाय घरात. हळद लावून पुरून टाकतो. त्याईले का समजते?"

"समजत नाही," नीतू म्हणाली.

"मंग झालं तं!"

"दुसरा नको."

"अवो, पण कायले? जीव खाऊन राहिली माझा! त्या बाईच्या डोळ्यासमोर तो असा ठेवशीन?" मायनं नळाशेजारी ठेवलेल्या नारळाकडे बोट केलं. त्याच्या तिन्ही डोळ्यांत चिखल होता. "मोडन ना सोयरीक. कुत्र्यापायी मोडन. मंग फिरजो दोघं बोडीवर जन्मभर."

नीतूनं अंगठीतला केस पुन्हा नखानं ओढला. मोडेल? हा विचार तिनं दिवसभरात पहिल्यांदाच सरळ समोर धरून पाहिला, आणि तिला स्वतःचं आश्चर्य वाटलं, कारण तो थंड लागला, बोडीपेक्षा थंड. धनेंद्र तिला आवडला होता. नुसता पसंत नाही, आवडला होता. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा, हसण्याआधी कान हलणारा धनेंद्र. गेल्या आठवड्यात दोघं मोटारसायकलवर नवेगावचं तळं बघून आली, येताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर थांबली, आणि तिथं एक लंगडं कुत्रं आलं तर त्यानं आपला अर्धा पराठा त्याला दिला, तोंडानं नीतूशी बोलत, हातानं टेबलाखाली, जसं काही हात दुसऱ्याच कुणाचा आहे. तेव्हाच तिनं विचारलं होतं, "पटवारीचं का करायचं?" तर म्हणाला, "बघू ना. आईले समजावू हळूहळू." हळूहळू! त्या शब्दावर तिला तिथल्या तिथं चिडावंसं वाटलं आणि चिडता आलं नाही, कारण त्याच्या मिशीला दही लागलं होतं...

दुसरा नारळ पुरला तर सगळं नीट होईल. तोच तर घोळ आहे. सगळं नीट होईल, आणि मग तिरोड्याला धानाच्या टोपलीमागून जी बाई उंबरठा ओलांडेल ती शिवेच्या आतली, पेढा गिळणारी, आणि पटवारी इथं छपरीत एक कान उभा करून फाटकाकडे बघत, आणि मी तिथं रोज सकाळी चहा गाळत, बाहेर धुकं पडलं आहे हे खिडकीतून बघत... नाही. जा. नारळावर टिकलेलं लग्न बुडायचंच असेल तर आत्ता बुडू दे, आत्ता पाणी मांड्यांपर्यंतच आहे.

मोटारसायकलचा आवाज आला. मायनं "बाप्पा!" म्हणत पदर सारखा केला.

रामकलीबाई आल्या, पाणी प्यायल्या, थंडीवर बोलल्या, आणि छपरीत जाऊन टोपलीपुढे उभ्या राहिल्या. धनेंद्र अंगणातच राहिला. पटवारीनं त्याच्या बुटाची मोजणी सुरू केली होती. माय भिंतीला टेकली.

"हे का हो?" रामकलीबाई खड्ड्याकडे बघत म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता.

नीतू मागच्या अंगणात गेली, नारळ घेऊन आली आणि धानावर ठेवला. चिखलासकट.

"मी फेकला काकूजी," ती म्हणाली. "बोडीत."

मायच्या घशातून काहीतरी निघालं.

"कुत्र्यानं काढला, पण फेकला मी. खेळाले."

आणि मग तिला थांबता येईना. इतके दिवस तयार केलेली झणझणीत उत्तरं कुठं गेली कोण जाणे, तोंडातून निघाली ती सकाळच. धुकं, उंदीर, धुरे, धावणं. आणि धावता धावता सकाळ मोठी होत गेली. उंदीर सशाएवढा झाला. बोडी वैनगंगेएवढी झाली. दोन सारसांचे पाच झाले, आणि त्यातला एक — "तुमची शप्पथ, काकूजी" — तिरोड्याच्या दिशेनं फडकं घेऊन उडाला, तुमच्या घरावर टाकलं असन, वर जाऊन पाहा. नाच सांगताना शब्द पुरेनात म्हणून तिनं हात पसरले, मान लांब केली, एक पाय उचलला, आणि तेवढ्यात तिला रामकलीबाईंचा चेहरा दिसला. त्यावर काहीच नव्हतं. राग नाही, हसू नाही. त्या नुसत्या ऐकत होत्या. अंगणात धनेंद्रही हलायचा थांबला होता.

भीती तेव्हा आली. सकाळपासून न आलेली, नेमकी तेव्हा.

"मंग..." नीतूचा आवाज बारीक झाला, पोरीच्या जातीला शोभेल तेवढा. "मंग मी लय रडली जी. तिथंच पाळीवर बसून. देवाले हात जोडले का हे अपशकुन झालं, मले माफ कर म्हणून. लय रडली."

रामकलीबाईंनी नारळ उचलला. पदरानं त्याच्या एका डोळ्यातला चिखल पुसला, मग दुसऱ्यातला.

"सारस पाच नसन, दोन असन, जोडीनंच राहते ते," त्या म्हणाल्या. "पण ते जाऊ दे. रडली नाहीस तू. हे खोटं बोलून राहिली."

 नीतूचा एक पाय अजून वर होता. तो खाली टेकवायला हवा, असं कुठंतरी वाटत होतं, पण घाई वाटत नव्हती. आणि इतके दिवस रामकलीबाईंची म्हणून ज्या भिंतीला ती खांद्यानं रेटत होती ती भिंत तिथं आहे की नाही, हे चाचपून बघायला ती तशीच, हात पसरून, उभी राहिली.