ब्राह्मीचा गुण

मुक्ताला मी आठवतो की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. एकाहत्तर सालचा पावसाळा सरला तेव्हा मी नेवाशाहून विष्णुपंत वैद्यांना बैलगाडीत घालून घरी आणलं. त्यांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "बाई, मालकांचं नाव काय?"

काय म्हणावं या शहाणपणाला! आमच्याकडे कुठली बाई असं विचारल्यावर नवऱ्याचं नाव घेते? मुक्तानं पदर पुढं ओढला आणि खाली बघत राहिली. आता ती विसरली म्हणायची की लाजली?

वैद्यांनाही उमगेना. "ब्राह्मीचं तूप देतो," ते म्हणाले. "मन शांत होईल, झोप लागेल. आठवणीचं मात्र छातीठोक सांगत नाही."

रोज सकाळी ते तूप दुधात घालून मीच तिला द्यायचो. सून म्हणायची, "मामंजी, मी देती की." मी कशाला देऊ देतोय! उभा जन्म मुक्तानं मला वाढलं होतं.

गुण आला. अपरात्री उठून माहेरी निघायची, ते थांबलं. रडणं गेलं. संक्रांतीपर्यंत ती ओव्या गुणगुणायला लागली. माणूस लोभी असतो. एवढं आलं तर बाकीचंही येईल, असं मला वाटायला लागलं. तिनं एकदा फक्त "अवं" म्हणावं. जन्मभर त्या हाकेवर मी खेकसत आलो, आणि आता तिच्यासाठी जीव तुटत होता.

एका सकाळी दूध पिऊन ती ओट्यावर बसली होती. चेहरा हसरा, नजर स्वच्छ. मला राहवलं नाही. मी वैद्यांचाच प्रश्न विचारला.

"असं सरळ कसं घ्यावं नाव?" ती म्हणाली.

"मग उखाण्यात घे."

तिनं पदर सावरला.

"घोडेगावच्या बाजारात खिल्लारी बैलांची जोडी,
रंगनाथरावांमुळं माझ्या संसाराला गोडी."

लग्नातल्या गलक्यानंतर तिच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. डोळे भरून आले. मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"पावणं, असं करू नगा. आमचं मालक बाजारला गेल्यात, येतीलच. लई तापट हायेत. पर मनानं चांगले. बसा तुमी, ते आले की च्या ठेवते."

मी तिच्यापासून हातभर लांब, ओट्याच्या कडेला बसलो आणि रंगनाथरावांची वाट बघू लागलो.